तयार होऊन बसलेल्या वस्तू

कुणी बिघडलेला मिक्सर घेऊन पायरी चढलं की खैरनारकाकांचा पहिला प्रश्न असायचा, "केव्हा नेणार?"

माणूस गोंधळायचा. "अहो, आधी बघा तरी काय झालंय ते."

"ते मी बघतो. तुम्ही केव्हा नेणार ते सांगा."

इंदिरानगरमध्ये आमचे गाळे शेजारी शेजारी होते. माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज-ड्रेस अल्टर करायचं दुकान. त्यांचं मिक्सर, इस्त्र्या, पंखे, रेडिओ, विजेवर चालणारं जे काही येईल ते दुरुस्त करायचं. मधली भिंत इतकी पातळ की माझं मशीन चालू असतानाही त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं. सुरुवातीला मला त्याचा वैताग यायचा. पुढे सवय झाली, आणि सवय झाल्यावर मी मधूनमधून पाय थांबवून ऐकायलाही लागले.

कोण वस्तू न्यायला येणार आणि कोण येणार नाही, हे आपल्याला तोंड बघून कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. जो दरावरून भांडतो, तो हमखास येतो. जी बाई "काका, संध्याकाळीच पाहिजे, पाहुणे यायचेत" म्हणून जीव खाते, ती संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या दिवशी येते. आणि जो हसून म्हणतो, "सावकाश करा, मला काही घाई नाही," तो गेला. "घाई नाही म्हणला का समजायचं ताई, या वस्तूचा पत्ता आता आपल्या दुकानाचा."

ते मूळचे सटाण्याच्या पुढचे. गिऱ्हाइकाशी शुद्ध शहरी बोलायचे, पण मिक्सर उघडून एकटे पुटपुटत असले की गावाकडची अहिराणी यायची. "कोनं शे हाई?" म्हणजे कुणाचं आहे हे, असं स्वतःलाच विचारायचे, आणि दोष सापडला की "जमनं!" म्हणून मांडीवर थाप मारायचे. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर, आणि बडीशेपेची एक छोटी डबी. उंची बेताची, आवाज मोठा. घरी बायको नव्हती, ती मुलीच्या लहानपणीच गेली. मुलगी सुजाता लग्न होऊन पुण्याला.

वस्तू दुरुस्त झाली की ते फोन करायचे. वाक्य ठरलेलं. "नमस्कार, इंदिरानगरहून खैरनार बोलतो. तुमचा मिक्सर तयार होऊन बसलाय."

'पडलाय' असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि दुसऱ्याला म्हणू दिलं नाही. मी एकदा म्हणाले, "काका, ती पाटलांची इस्त्री केव्हाची पडलीये तुमच्याकडे." तर म्हणाले, "पडली नाही ताई. काम झालेलं आहे तिचं. तयार होऊन बसलीये." जणू लग्नाला निघालेली पोर साडी नेसून ओट्यावर बसली आहे आणि रिक्षा आणायला गेलेला माणूस अजून येत नाही.

रिक्षा बऱ्याचदा यायचीच नाही. लोकांचं मी समजू शकते. मिक्सर बिघडतो त्या दिवशी घरात आकांत असतो. दोन दिवस शेजारणीकडून चटणी वाटून आणतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर सेल दाखवतो आणि चौथ्या दिवशी नवा मिक्सर दारात. मग जुन्याची आठवण कोण काढतो? फोन आला की "हो हो काका, उद्याच येते." माझ्याकडेही असं होतं. फॉल लावून घडी घातलेल्या साड्या कपाटात असतात आणि त्यांच्या मालकिणी कुठल्याशा समारंभात दुसरीच साडी नेसून मिरवतात. मी त्यावर उपाय केला. एक पाटी करून घेतली : 'तीस दिवसांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही.' काकांसाठीही तशीच एक करायला टाकली होती. त्यांनी ती हातात घेऊन वाचली, पुन्हा वाचली, आणि परत दिली.

"आमची नाही, तर मग कोणाची?"

"गिऱ्हाइकाची. त्यांनी वेळेवर न्यावं."

"तो तर नाही म्हणतोच आहे. त्यात आपणही नाही म्हणलं, तर वस्तूनं जायचं कुठं?"

मी म्हटलं, भंगारवाल्याकडे. दर रविवारी समोरून जातो. काका हसले. मला वाटतं, त्यांना माझी थोडी कीव आली.

त्यांची एक पद्धत मात्र आमच्या गाळ्यांच्या सगळ्या लाइनीला त्रास द्यायची. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसेल त्या वेळी, ते न नेलेल्या सगळ्या वस्तू एकेक करून चालवायचे. मिक्सर घरघरायचे, पंखे फिरायचे, रेडिओ खरखरायचे, इस्त्र्या तापवून पाण्याचा थेंब टाकून बघितल्या जायच्या. आमच्या सगळ्या लाइनीचं व्होल्टेज खाली यायचं. माझं मशीन रडत चालायचं, म्हणून मी ते बंदच ठेवायचे. "कशाला हा उद्योग?" असं विचारलं तर म्हणायचे, "चालवलं नाही तर जाम होतं. माणूस आला आणि बटण दाबल्यावर चाललं नाही, तर काय म्हणेल?"

माणूस आलाच, तर बटण त्यानंच दाबायचं, हाही त्यांचा नियम. काका प्लग लावायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. गिऱ्हाइकाच्या हातून वस्तू चालू झाली, की काम संपलं. तोवर ते संपत नाही. दुरुस्ती अर्धी आणि देणं अर्धं, असा त्यांचा हिशेब होता, आणि या अर्ध्या राहिलेल्या कामांनी त्यांच्या भिंतीच्या फळ्या भरल्या होत्या.

कधी कधी लोक यायचेही, हे मात्र कबूल करायला हवं. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला येणारा एक सुरगाण्याकडचा माणूस त्यांच्याकडे रेडिओ टाकून गेला होता. त्याचा फोन लागेना. मी एका लग्नाचे ब्लाऊज पोचवायला पिंपळगावला निघाले होते, तर काका रेडिओ मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत प्रत्येक टेम्पोवाल्याला माझ्या वतीनं शिव्या देत आम्ही पोचलो. खोलीला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "गेली ती समदी. हंगाम सरला ना. आता पुढच्या द्राक्षाला."

मला वाटलं, काका खट्टू होतील. परतीच्या वाटेवर ते एकदम मजेत. "येणार आहे ताई! हंगामाला येणार आहे म्हणाली की नाही?"

आणि तो आला. पुढच्या हिवाळ्यात, पायरीवर चपला काढून, हातात नागलीची पिशवी. "काका, हाय का वो माझा रेडू?"

"बसलाय," काका म्हणाले. आवाज असा, की जणू वाट बघणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. त्या माणसानं बटण दाबलं. भजन लागलं. पुढे कितीतरी दिवस मी भंगारवाल्याचं नाव काढलं की मला या रेडिओची आठवण करून दिली जायची.

कमलआजींची गोष्ट वेगळी. आमच्या मागच्या बिल्डिंगी ज्या मळ्यावर उभ्या आहेत, तो मळा त्यांचा होता. शेवंती आणि मेथी-कोथिंबीर. आता त्या तिथेच तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. एकदा स्वतः मिक्सर कडेवर घेऊन आल्या. काकांनी उघडला, तपासला आणि म्हणाले, "आजी, यात काहीच बिघडलेलं नाही."

"आसंल. तरी करा दुरुस्त."

"काय करू दुरुस्त?"

आजींनी इकडेतिकडे बघितलं. मी माझ्या दारात उभी होते, माझ्याकडेही बघितलं. मग म्हणाल्या, "सूनबाईनं नवा आणलाय. हा भंगारात द्यायचं चाललंय. तुमी सावकाश करा. मला काय घाई नाय."

काकांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "वेळ लागेल याला."

तेव्हापासून आजी दर आठ-पंधरा दिवसांनी पदराखाली डबा घेऊन यायच्या. शेंगदाणे, लसूण, लाल मिरच्या. "झाला का वो माझा मिक्सर?" असं रस्त्यावरून मोठ्यानं विचारायचं, आणि आत येऊन आपल्या मिक्सरवर चटणी फिरवायची. "नवा लय शाना हाय," त्या मला सांगायच्या. "आवाज नाय, काय नाय. नुसतं पीठ करून ठिवतो मेला. चटणी दाताखाली आली पायजे का नको?" काका फळीवरून त्यांचा मिक्सर काढून देताना कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "अजून थोडं काम बाकी आहे, आजी." मग दोघंही हसायचे नाहीत. नाटक चोख व्हायचं.

फळ्यांवरची प्रत्येक वस्तू अशी कुणाची ना कुणाची होती, आणि काका बोलायला लागले की कुणाची ते समजायचं. एकाच वस्तूबद्दल ते आपणहून बोलायचे नाहीत. सगळ्यात वरच्या फळीवर एक निळ्या पात्यांचा टेबलफॅन होता. मंगळवारी तो शेवटी खाली यायचा, पुसला जायचा, चालायचा आणि परत वर जायचा. नाशिकचा एप्रिल-मे काही थट्टा नाही. छताचा पंखा कुंथत फिरायचा, काका पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि वर हा धडधाकट पंखा. मी म्हटलं, "तो लावा की."

"गिऱ्हाइकाची वस्तू वापरायची नाही."

"कोण गिऱ्हाईक आहे ते? मी आल्यापासून बघतेय."

त्यांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. "भाऊ आहे माझा."

मोठा भाऊ. गावी असतो, काकांचं शिक्षण त्यानंच केलं, आयटीआयला त्यानंच घातलं. सुजातासाठी स्थळ शोधून आणलं तेही त्यानंच. बोलणी करायला नाशिकला आला तेव्हा बंद पडलेला पंखा बरोबर घेऊन आला होता. जाताना म्हणाला, "दुरुस्त करी ठेव. साखरपुडाले येसू तवय ली जासू." आणि त्यानंतर आठवड्याभरात सुजातानं सांगितलं की तिला तिच्या ऑफिसातल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. मुलगा आपल्यातला नाही. काकांनी हो म्हटलं. भावानं त्या स्थळाला शब्द दिला होता. गावात त्याला मान खाली घालावी लागली. तो लग्नाला आला नाही. पंखा न्यायलाही आला नाही.

"मग फोन करा," मी म्हटलं.

"काय सांगू फोन करून?"

"सगळ्यांना सांगता ते. तयार होऊन बसलाय."

काकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, गिऱ्हाइकाला सांगायचं तसं भावाला सांगू? तुझी वस्तू झाली, घेऊन जा? याचा अर्थ काय होतो, घे आणि मोकळा हो. पंखा इथं आहे, तोवर त्याला यायला कारण आहे."

मला यात काही तर्क दिसला नाही, आणि मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तुम्हाला भाऊ आहे?" मी म्हटलं, नाही, दोन बहिणी आहेत, आणि आम्ही भांडतो तेव्हा तोंडावर भांडतो. "मग तुम्हाला नाही समजणार," असं म्हणून त्यांनी इस्त्री उघडायला घेतली.

पण एवढं मला समजलं, की आमच्या लाइनीसमोर सटाणा-मालेगावकडच्या नंबरप्लेटची गाडी थांबली की पलीकडचा आवाज बंद पडतो. कुणी उंच, टोपीवाला म्हातारा रस्ता ओलांडताना दिसला की काका काउंटरबाहेर येतात. आणि परत आत जातात.

मग आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. दिवाळीनंतर गाळे रिकामे करायचे होते. मी रस्त्यापलीकडे जागा बघितली. काकांचे हात थरथरायला लागले होते, बारीक स्क्रू सुटायचे. सुजाता म्हणाली, आता पुरे, पुण्याला चला. ते हो म्हणाले. एकच अट घातली : दुकान बंद होण्याआधी प्रत्येक वस्तू तिच्या माणसाकडे गेली पाहिजे.

महिनाभर फोन चालले होते. मी रिकामी असले की शेजारी जाऊन बसायचे. काका स्पीकर लावायचे, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येत होतं.

"खैरनार बोलतो. तुमचा मिक्सर तयार होऊन बसलाय."

"कोण खैरनार?"

"इंदिरानगर. मिक्सरवाला."

"अय्या! तो अजून आहे? काका, आम्ही तर नाशिकरोडला शिफ्ट झालो. तुम्हीच ठेवा तो."

"माझ्या घरी आहे मिक्सर."

"मग कुणाला तरी देऊन टाका."

"तुमचा आहे, मी कसा देऊ? नको असेल तर एकदा येऊन बघा, आणि मग तोंडावर नको म्हणा."

ही त्यांची युक्ती होती आणि ती बरीचशी लागू पडायची. लोक नको म्हणायला यायचे, बटण दाबायचे, आणि घेऊन जायचे. एक जण तर आईची इस्त्री हातात धरून इतका वेळ उभा राहिला, की मीच त्याला खुर्ची दिली. पण सगळेच तसे नसतात. एक बाई गाडीतून आली, मिक्सर चालवून बघितला, म्हणाली, "मस्त चाललाय हो, अगदी नव्यासारखा," आणि मग, "पण खरंच नकोय मला." पर्स उचलली आणि गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला बोलावलं होतं, ती आली होती. काका तो मिक्सर फळीवर परत ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. कुठे ठेवायचा ते त्यांना समजेना. तो आता कुणाचाच नव्हता. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि पेठच्या बाजूला एक शाळा होती, तिथल्या वसतिगृहात पोचवायची सोय केली. अशा आणखी काही वस्तू तिकडे गेल्या. काकांनी अडवलं नाही, पण टेम्पो भरताना ते आत बसून राहिले.

फळ्या रिकाम्या होत गेल्या. निळा पंखा वर तसाच.

सुजाता आवराआवर करायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. "तुझ्या मोठ्या काकांचा नंबर आहे?" होता. तिनं स्वतः कधी लावला नव्हता. "माझ्यामुळेच झालं ना सगळं," ती म्हणाली. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी नंबर दे.

दुपारी माझ्या दुकानातून मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एक जड, खोल आवाज. मी सांगितलं, नाशिकहून बोलतेय, खैरनारांच्या शेजारचं दुकान माझं, त्यांच्याकडे तुमचा पंखा आहे, दुकान बंद होतंय.

मग, "पंखा व्हयना का दुरुस्त?"

"कधीच झाला."

"आसं. मंग त्यानं सांगितलं नही ते."

"तुम्ही न्यायला याल म्हणून वाट बघत होते ते."

"बाई, मी येऊ कसा? कंबर मोडी ग्यी मनी. खाटेवरून उठायले दोन मानसं लागस. दोन पावसाळे व्हयनात." मग आवाज जरा चढला. "आमना गावना दोन जन त्याना गिऱ्हाईक शेतस. त्येस्ले फोन येस. मिक्सर व्हयना, ली जा. इस्त्री व्हयनी, ली जा. सऱ्या जगले फोन करस तो. माले एक नही. मी म्हनं, ठीक शे. गिऱ्हाइकाइतलाबी नही ऱ्हायनू मी त्याना."

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ मशीनवर हात ठेवून बसले. रागच आला मला, खरं तर. एक म्हातारा फोन केला तर नातं तुटेल म्हणून फोन करत नाही, आणि दुसरा म्हातारा फोन येत नाही म्हणून नातं तुटलं असं समजून खाटेवर पडून आहे. आणि मध्ये एक पंखा दर मंगळवारी रिकाम्या खोलीत वारा घालतोय.

मग उठले आणि शेजारी जाऊन काकांना सगळं सांगितलं. शब्द बदलले नाहीत. ते ऐकत होते. कंबरेचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं.

"गिऱ्हाइकाइतला पण नाही, असं म्हणाला?"

"हो."

"माझा दादा?"

"हो काका."

सुजाता दारात उभी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात काका उठले, मोबाइल घेतला आणि बाहेर गेले. रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली. गाड्यांचा आवाज इतका होता की आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. पहिल्यांदा ताठ उभे होते. मग झाडाला हात टेकवला. मग तोच हात उचलून ऊन लागावं तसा डोळ्यांवर आडवा धरला, पण ऊन त्यांच्या पाठीमागे होतं.

परत आले ते थेट स्टुलावर चढले आणि पंखा खाली काढला. "त्याला येता येत नाही," ते आम्हाला म्हणाले, जसं काही आम्हाला माहीतच नव्हतं. "मीच नेऊन देतो. सकाळची एसटी आहे."

"बाबा, पुण्याचं सामान?" सुजातानं विचारलं.

"दोन दिवसांत येतो."

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. पुण्याचं सामान शेवटी सुजातानं गावी पोचवलं, आणि त्या निमित्तानं तीही त्या घराची पायरी चढली. तिच्याकडून समजतं ते असं, की दोघं भाऊ एकाच खोलीत राहतात, दिवसभर फारसं बोलत नाहीत, आणि काका आता गावातल्या मोटारी दुरुस्त करून द्यायला लागलेत. शेतकरी न्यायला येतात का, हे मी विचारलं नाही. पाण्याची मोटार कुणी विसरत नाही.

कमलआजींचा मिक्सर माझ्याकडे आहे. काका जाताना म्हणाले होते, "काम बाकी आहे म्हणायचं, विसरू नका." त्यामुळे माझ्या नव्या दुकानात आता रेशमी ब्लाऊजना लसणाचा वास येतो आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडतात. आजी रस्त्यावरून ओरडतात, मी आठ्या घालते. मला ते काकांइतकं जमत नाही. मला मध्येच हसू येतं.

पाटी मी अजून लावलेली आहे. पण परवा एक बाई तिची विसरलेली पैठणी न्यायला आली, तेव्हा मी तिला पाटी दाखवायची सोडून चहा विचारला. नव्या जागेच्या भिंती जाड आहेत. मंगळवारी दुपारी व्होल्टेज व्यवस्थित असतं, मशीन एकसारखं चालतं, कामं पटापट होतात. पलीकडून काहीही ऐकू येत नाही. सटाणा काही फार लांब नाही. या महिन्यात एकदा जाऊन येईन, असं मी म्हणते.

काका पंखा घेऊन निघाले त्या सकाळी मीच त्यांना स्टँडवर सोडलं होतं. नेहमीचा इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि दोन्ही हातांत तो पंखा, लहान मूल धरावं तसा. डिझेलचा धूर, केळीवाले, घोटीकडच्या गाडीसाठी पळणारी कॉलेजची पोरं. गर्दीतून वाट काढत ते एसटीच्या दाराशी पोचले. कंडक्टर दारात उभा.

"काका, हे काय? टपावर टाका की."

"टपावर नको. मांडीवर घेतो."

"मांडीवर? मग याचं हाफ तिकीट काढू का?"

"फुल काढ," काका म्हणाले. "पण खिडकी दे."

कंडक्टर हसला आणि बाजूला झाला. काका खिडकीशी बसले. पंखा मांडीवर ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळून मनगटाभोवती घेतली. मी खिडकीखाली गेले. म्हटलं, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते समोर बघत होते, अजून न सुरू झालेल्या रस्त्याकडे.

मला दुकान उघडायचं होतं. तरी मी थांबले. गाडी मागे आली, वळली, फाटकाबाहेर पडली आणि वेग घेतला. उघड्या खिडकीतून वारा आत गेला असणार, कारण त्यांच्या मांडीवरची निळी पाती आधी थोडी हलली, आणि मग सावकाश फिरायला लागली.